जुन्या स्पेक्ट्रमला मेमरी कार्ड जोडायचंय? मग आधी हे वाचा

माळ्यावर, कपाटावर नाहीतर एखाद्या ट्रंकेत झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडून वापरायचा तो जुना घरगुती कॉम्प्युटर, पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि लगेच प्लगलाही लावू नका. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. आमच्या फोंड्याला शेजारचे काका बोटीवर होते, त्यांनी १९८५ साली इंग्लंडहून हा आणला, रबरी बटणांचा ४८के, म्हणजे ४८ केबी मेमरीचा, आणि मग त्यांच्या मुलांबरोबर वाड्यावरची आम्ही सगळी पोरं सुट्टीभर त्या एका मशीनसमोर बसून असायचो. चार वर्षांपूर्वी घर रंगवायला काढलं तेव्हा तो खोका सापडला आणि काकांनी तो मला दिला. आज तोच स्पेक्ट्रम मेमरी कार्डवरून दोन-तीन सेकंदांत गेम उघडतो आणि हॉलमधल्या एलईडी टीव्हीवर चित्र देतो. काका बघायला आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "अरे, हें अजून चलता?"

चालतं. फक्त क्रम चुकवायचा नाही. सगळे जण कार्डाच्या इंटरफेसपासून, म्हणजे मेमरी कार्ड बसवायला मशीनच्या मागे खोचतात त्या जोडणीपासून सुरुवात करतात, तो मागवतात, पार्सल आलं की त्याच संध्याकाळी मागे खोचतात आणि मशीन ऑन करतात, आणि मग पट्टे दिसायला लागले की इंटरफेस खराब म्हणतात. खराब मशीनच असतं. आधी जुनं धड करा, मग नवं जोडा, एवढ्याच क्रमाने मी सांगणार आहे.

मशीन कुठलं ते बघून घ्या. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीने स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये काढला, आत झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा, १६ केबी रॉम आणि १६ किंवा ४८ केबी रॅम. नंतर १९८४ मध्ये कडक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला, आणि त्याचीच लायसन्सवाली आवृत्ती आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने विकली. केस वेगळी असली तरी आतलं सर्किट जवळपास तेच, त्यामुळे खालचं सगळं दोन्हींना लागू पडतं. १२८के, म्हणजे १२८ केबी रॅमचं नंतरचं मॉडेल असणाऱ्यांनी मात्र पॉवर आणि व्हिडिओचा भाग यातून घेऊ नये, तो वेगळा आहे.

आता अडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिन उलटी असते, म्हणजे मधली पिन निगेटिव्ह आणि बाहेरची कडी पॉझिटिव्ह. बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर, राऊटरचे, सीसीटीव्हीचे, सगळे मधे पॉझिटिव्ह. ते जॅकमध्ये छान बसतात आणि तिथेच घात होतो. जुना ओरिजिनल अडॅप्टर असेल तर तोही मल्टिमीटरने बघा, लोड नसताना तो १२-१३ व्होल्ट दाखवतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. पण त्याची वायर कडक होऊन तडकली असेल तर सरळ नवा घ्या. आणि इथे गोव्यातल्या लोकांना एक सोय आहे, गिटारच्या पेडलचा अडॅप्टर हाही ९ व्होल्ट आणि मधे निगेटिव्हच असतो, बँडवाल्या मित्राकडे विचारा नाहीतर वाद्यांच्या दुकानात मिळेल, फक्त अँपिअर बघून घ्या कारण पेडलचे छोटे अडॅप्टर २००-५०० मिलिअँपचे असतात आणि आपल्याला किमान १ अँपिअर हवा, दीड असेल तर उत्तम. लेबलवर काय छापलंय त्यावर विश्वास न ठेवता मीटरची लाल पिन मधे आणि काळी बाहेर लावून बघायची, आकड्याच्या आधी मायनस आला म्हणजे बरोबर.

मग मशीन उघडा. खालचे स्क्रू काढले की वरचं झाकण सुटतं, पण ते एकदम वर ओढायचं नाही, कारण कीबोर्डच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एक ५ ट्रॅकची आणि एक ८ ट्रॅकची, बोर्डावरच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. झाकण पुस्तकासारखं थोडं उघडून त्या पट्ट्या सरळ वर ओढून काढायच्या. चाळीस वर्षांच्या पट्ट्या पापडासारख्या झालेल्या असतात, माझी तर हात लावल्याबरोबर मोडली. तशी मोडली तर वाईट वाटून घेऊ नका, नवं मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा पट्ट्यांसकटचा पातळ थर, आजही बनतं आणि या सगळ्या दुरुस्तीत तेच सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम आहे. रबरी मॉडेलला वरचा काळा पत्रा दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेला असतो, तो हेअर ड्रायरने कोमट करून एका टोकापासून सावकाश सोडवायचा, घाई केली की पत्रा वाकतो आणि मग तो कधीच सपाट होत नाही.

झाकण उघडल्यावर जे दिसतं ते पुण्या-बंगळूरच्या मशीनमध्ये एवढं दिसणार नाही. आपल्याकडची हवा. चार महिने पाऊस, बाकी वेळ खारा दमट वारा. माझ्या बोर्डावर मॉड्युलेटरच्या, म्हणजे टीव्हीसाठी सिग्नल बनवणाऱ्या डब्याच्या पत्र्याला तांबूस गंज होता, आयसींच्या (चिपांच्या) पायांवर पांढरट भुकटी होती, आणि मागच्या एज कनेक्टरवर, म्हणजे जिथे इंटरफेस बसतो त्या ट्रॅकवर हिरवा थर धरलेला, देवाच्या तांब्याच्या भांड्यांना धरतो तसाच. हा हिरवा थर हेच अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नाकं मुरडू नका, डेटॉल किंवा सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात. सगळा बोर्ड ब्रशने पुसून घ्या, आणि एज कनेक्टर शाळेच्या पांढऱ्या खोडरबरने घासा, जोर न लावता, ट्रॅक चमकेपर्यंत, मग परत अल्कोहोलने पुसा म्हणजे खोडरबराचा चुरा जातो. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जाईल. शक्य असेल तर हे काम जानेवारी महिन्यात करा, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि धुतलेला बोर्ड दिवसभर पंख्याखाली ठेवला तरी चालतो.

यानंतर कपॅसिटर आणि रेग्युलेटर. आडवे पडलेले छोटे डबीसारखे दिसतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्यांचं वय झालेलं आहे, सगळेच बदला. स्पेक्ट्रमसाठी तयार सेट मिळतो, तो मागवला तर शोधाशोध वाचते. एक एक काढा, एक एक लावा, प्लस-मायनस बघून, आणि आधी मोबाइलवर बोर्डाचे भरपूर फोटो काढून ठेवा. रेग्युलेटर म्हणजे ७८०५, तो ९ व्होल्टचे ५ करतो आणि मधले ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. पाऊण अँपिअर करंट धरला तरी ३ वॅट झाले, म्हणजे बंद डब्यात छोटा हीटरच, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच आधी तापलेली असते. त्याच्या जागी तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसतो, ट्राको किंवा रेकॉमचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा, पाय तसेच जुळतात, हीटसिंक लागतच नाही. माझ्या मते पैसे टाकण्यासारखी ही पहिली वस्तू. जुना ७८०५ आणि त्याचा पत्रा पिशवीत घालून डब्यातच ठेवा, म्हणजे उद्या कुणाला ते मूळ रूपात हवं असलं तर परत लावता येईल. मी प्रत्येक बदल करताना हे बघतो, की ट्रॅक कापावा लागणार का, केसला भोक पाडावं लागणार का. लागणार असेल तर मी ते करत नाही.

आता मीटर घेऊन बसा, ही पायरी कुणीही गाळू नये. बोर्डावर एकाच ओळीत ८ सारख्या मेमरी आयसी दिसतील, ४११६ नावाच्या. या जुन्या रॅमला एक नाही तर तीन व्होल्टेज लागतात आणि ती तिन्ही मिळाली नाहीत तर ती जळते. इंटरफेस, कीबोर्ड, टीव्ही काहीच न जोडता पॉवर द्या, मीटरची काळी पिन रेग्युलेटरच्या मधल्या पायाला लावा, तो ग्राउंड असतो, आणि कुठल्याही एका ४११६ वर बघा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५ व्होल्ट. थोडंफार इकडे तिकडे चालेल, पण १२ च्या जागी ९ च्या आसपास आणि उणे ५ च्या जागी शून्य दिसलं तर ताबडतोब बंद करा. जोपर्यंत ते नीट होत नाही तोपर्यंत परत परत ऑन करून बघायचं नाही, प्रत्येक वेळी रॅमचं आयुष्य कमी होतं. हे १२ आणि उणे ५ बनवणारं छोटं सर्किट बोर्डावरच असतं, एक कॉइल आणि टीआर४, टीआर५ असे दोन ट्रान्झिस्टर. यातला टीआर४ हा स्पेक्ट्रमचा सगळ्यात नाजूक भाग.

व्होल्टेज बरोबर असतील तर टीव्ही जोडा. मूळ मशीन टीव्हीच्या अँटेनावर, यूएचएफ चॅनल ३६ वर चित्र पाठवतं, नव्या टीव्हीवर ते पकडलं तरी मुंग्या आलेलं असतं. म्हणून मॉड्युलेटरच्या डब्याला बगल देऊन सरळ एव्ही सिग्नल बाहेर काढायचा. त्या डब्यात बोर्डावरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि दुसरी व्हिडिओची, मीटर लावा म्हणजे स्थिर ५ दाखवेल ती पॉवरची. दोन्ही सोडवा. पॉवरच्या तारेला इन्सुलेशन टेप लावून बाजूला ठेवा, डब्याच्या आत सॉकेटच्या मधल्या पिनला जोडलेला रेझिस्टर सोडवा, आणि व्हिडिओची तार थेट त्या पिनला जोडा, मधे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर अजून चांगलं, प्लसची बाजू बोर्डाकडे. झालं. आता त्याच जुन्या भोकातून साधी पिवळी एव्ही वायर टीव्हीला जाते. टीव्हीला एव्ही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते, ती पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा) सिग्नल घेते ना एवढं बघा. चित्र एकदम काचेसारखं येईल अशी आशा ठेवू नका, रंगांच्या कडांवर थोडी थरथर राहते, ती या मशीनची आहे.

चालू केल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ येते. ती आली तर रॅम पूर्ण आहे का बघा. प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३ असं टाइप करा, उत्तर ६५५३५ आलं म्हणजे ४८के पूर्ण चांगली, ३२७६७ आलं म्हणजे मशीन १६के चंच आहे किंवा वरच्या रॅममध्ये गडबड आहे.

एवढं झालं की मग कार्ड. आज सगळ्यात जास्त वापरला जातो तो डिव्हएमएमसी हा इंटरफेस, वेगवेगळ्या ठिकाणचे लोक थोडे वेगवेगळे बनवतात पण आतली सिस्टीम बहुतेक ठिकाणी ईएसएक्सडॉसच असते. यात एसडी कार्ड बसतं, एक बटण असतं, आणि बऱ्याच मॉडेलवर केम्पस्टन जॉयस्टिकचं ९ पिनचं पोर्टही असतं, ते असलेलंच घ्या. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी धरून हिशेब करा. मोठं कार्ड घेऊ नका, ४८के चा गेम म्हणजे जास्तीत जास्त ४८ केबी, १ जीबीत असे वीस हजार मावतील, तेव्हा जुन्या मोबाइलमधलं २ किंवा ४ जीबीचं पुरे. कार्ड फॅट१६ किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, ईएसएक्सडॉसच्या पॅकेजमधले एसवायएस, बीआयएन आणि टीएमपी हे तीन फोल्डर कार्डाच्या मुळाशी टाका, दुसऱ्या फोल्डरच्या आत नाही. आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, कार्डावरच्या फोल्डरचं व्हर्जन आणि इंटरफेसच्या चिपमधलं व्हर्जन एकच असायला हवं, नसेल तर सुरुवातीलाच एरर येऊन थांबतं आणि माणूस कार्डावर कार्डं बदलत बसतो. गेम टॅप किंवा झेड८० या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. मग बटण दाबलं की फाइलींची यादी येते, बाणाने खाली या, एंटर.

आता जोडायची पद्धत. मशीनची पॉवर पूर्ण काढा. बंद करा असं लिहीत नाही कारण स्पेक्ट्रमला स्विचच नाही, पिनच काढायची. मग इंटरफेस सरळ रेषेत खोचा, कनेक्टरमध्ये पाचव्या जागेवर एक आडवी पट्टी असते ती बोर्डाच्या खाचेत बसली पाहिजे. ती पट्टी नसलेला कनेक्टर असेल तर वापरू नका. काढतानाही आधी पॉवर, मग इंटरफेस. यात एकदाही सूट नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतो कारण चवथीच्या सुट्टीत भाचरं आली होती, माटोळीखाली बसून सगळी खेळत होती, गेम अडकला आणि त्या घाईत मी चालू मशीनचा इंटरफेस हलवून परत बसवला. अर्ध्या सेकंदाचं काम. पडद्यावर काळे-पांढरे उभे पट्टे आले आणि तिथेच थांबले. उघडून मोजलं तर पिन ८ वर १२ नाही, पिन १ वर उणे ५ नाही. कनेक्टर तिरका झाला की शेजारचे ट्रॅक एकमेकांना टेकतात, त्यात ही व्होल्टेज शॉर्ट होतात आणि टीआर४ जातो, त्याच्यामागोमाग उणे ५ गेल्यामुळे रॅमही जाते. मूळ टीआर४ हा झेडटीएक्स६५० होता, आता त्याच्या जागी झेडटीएक्स६५१ लावतात, तो मी मुंबईहून मागवला. लावल्यावर व्होल्टेज परत आली पण पडदा तसाच. मग ओळीतल्या ८ आयसींवर बोट ठेवत गेलो, सहा कोमट आणि दोन चटका बसेल एवढ्या गरम, त्याच दोन गेलेल्या. ४११६ आता जुन्याच मिळतात, म्हणून मी त्यांच्या जागी ४१६४ वापरल्या, त्या फक्त ५ व्होल्टवर चालतात. सॉकेट लावून घ्यायचं, ४१६४ ची पिन १ आणि पिन ८ बाहेर वाकवायची म्हणजे त्या सॉकेटमध्ये जाणारच नाहीत, आणि वाकवलेली पिन ८ एका बारीक तारेने शेजारच्या पिन ९ ला जोडायची, तिथे ५ व्होल्ट असतातच. बोर्ड कापावा लागत नाही. दोन्ही तशा बसवल्या, आणि ती १९८२ ची ओळ परत दिसली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

इंटरफेस हलू नये म्हणून त्याच्या खाली काहीतरी टेकू द्या. माझ्याकडे जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा आहे, बरोबर उंचीचा कापलेला. टाइप करताना मशीन थोडं हलतं आणि मागचा कनेक्टर डुलतो, मधेच रिसेट होणं हे नव्वद टक्के वेळा त्यानेच. जॉयस्टिक जोडली की प्रिंट इन ३१ टाइप करून बघा, काही न दाबता ० यायला हवा आणि फायर दाबून १६. इन हा शब्द एक्स्टेंडेड मोडमध्ये सिंबल शिफ्ट धरून आय दाबल्यावर येतो, नवख्या माणसाला हेच सापडत नाही.

एवढा खर्च नको असेल तर मोबाइलवरूनही गेम चढवता येतो आणि त्यात काही कमीपणा नाही. टॅप फाइलचं आवाजात रूपांतर करणारं अ‍ॅप घ्या, ऑडिओ वायर स्पेक्ट्रमच्या इअर जॅकमध्ये लावा, जे दाबा म्हणजे लोड हा अख्खा शब्द उमटेल, मग सिंबल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर, आणि मोबाइलवर प्ले. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, नोटिफिकेशन आणि इक्वलायझर बंद, एक मेसेज आला तरी लोडिंग फसतं. मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल तर वायरवालाच कन्व्हर्टर लावा, ब्लूटूथवर नको. चार-पाच मिनिटं लागतात, बॉर्डरवर निळे-पिवळे पट्टे धावत असतात, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी लहानपणी ते बघितलंय त्यांना कार्डापेक्षा यातच मजा येते. आर्डुइनो जमत असेल तर टीझेडएक्सडुइनो नावाचा छोटा प्लेअर घरी बनवता येतो, कार्डावरची फाइल कॅसेटसारखी वाजवतो आणि मोबाइल मोकळा राहतो.

आवाजासाठी एवाय या साउंड चिपची कार्डंही मिळतात. संगीत सुरेख वाजतं, पण त्याने ४८के चा १२८के होत नाही, १२८के चे बरेच गेम जास्तीची रॅम मागतात, तेव्हा ती सगळ्यात शेवटी घ्या.

पावसाळ्यात मशीन कसं ठेवायचं हे आपल्याला वेगळं बघावं लागतं. मूळ थर्मोकोलच्या खोक्यात ओल धरते. मी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवतो, बरोबर निळ्या सिलिका जेलच्या दोन मुठी, कापडी पुरचुंडीत बांधून. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे, तवा वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. तांदूळ घालू नका, त्यात किडे होतात. इंटरफेस वेगळा काढून झिपच्या पिशवीत. आणि दर पंधरा दिवसांनी अर्धा तास मशीन चालू करायचं, वीज जा-ये करत असेल तर तो दिवस सोडून, कारण वीज परत येताना बसणारा झटका या जुन्या अडॅप्टरना झेपत नाही. श्रावणात माझा डबा दर दुसऱ्या रविवारी उघडतो, काका चहाला येतात तेव्हाच.